हेझलला लोंब्या भरपूर, दाणा एकही नाही: असं का होतं?

तुम्ही लिहिलंय, हेझलची (हेझलनट देणारी) दोन झाडं आहेत, दोन्ही एकाच वाणाची. पानं फुटायच्या आधी त्यांना अंगभर पिवळ्या लोंबत्या शेपट्या येतात, फांदी हलली की धुरळा उडतो, पण तीन हंगाम झाले तरी दाणा धरलेला नाही. शेजारच्या विलोलाही तसंच काहीतरी येतं, पण ते ताठ उभं असतं आणि त्यावर मधमाश्यांची झुंबड असते. पुस्तकात मात्र दोघांनाही एकच नाव. तेव्हा ही फुलं आहेत की आणखी काही, दाणा का धरत नाही, आणि मधमाश्यांची पेटी आणून ठेवली तर उपयोग होईल का?

दाण्याचं आधी सांगून टाकतो, कारण तेवढ्यासाठीच बहुतेक जण विचारतात. तुमची झाडं आजारी नाहीत. एका वाणाची कलमं म्हणजे एकाच झाडाचे तुकडे. रोपं दोन दिसली तरी हेझलच्या हिशेबी ते झाड एकच. आणि हेझल स्वतःचा पराग स्वीकारत नाही. पराग मादीफुलाच्या टोकावर पडतो, तिथे त्याची ओळख पटते, आणि घरचाच निघाला तर त्याची नळी आत शिरूच दिली जात नाही. इतकंच नाही, वाण वेगळे असले तरी ओळखीची ही खूण दोघांत सारखी निघाली तर तेही एकमेकांना चालत नाहीत. म्हणून हेझल लावताना ‘दोन झाडं लावा’ हा सल्ला अर्धाच आहे. एकमेकांशी जुळणारे आणि एकाच सुमारास फुलणारे दोन वाण हवेत. रोपं घेताना नेमकं हेच विचारायचं असतं.

आता त्या शेपट्यांकडे येऊ.

वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत त्यांना ‘नतकणिश’ म्हणतात. नत म्हणजे खाली वाकलेलं, कणिश म्हणजे आपलं कणीसच. शब्द अचूक आहे, पण बागेत उभं राहून तो उच्चारणारा माणूस मी पाहिलेला नाही. भाताच्या ओंबीला लोंबी म्हणतात, तोच शब्द मला इथे बरा वाटतो, म्हणून पुढे लोंबीच म्हणतो. इंग्रजी नाव डच भाषेतल्या ‘मांजराचं पिल्लू’ या अर्थाच्या शब्दावरून आलं. विलोची मऊ लोकरी कळी एकदा गालावर फिरवली की ते का, हे कळतं.

लोंबी म्हणजे एक फूल नव्हे, फुलोरा. मधोमध लवचीक दांडा, त्यावर दाटीवाटीनं बसवलेले खवले, आणि प्रत्येक खवल्याच्या आड पाकळ्या नसलेलं, वास नसलेलं, मध नसलेलं एकेक फूल. हेझलच्या लोंबीतली सगळी फुलं नर. एक लोंबी तोडून पांढऱ्या कागदावर आपटा. जो पिवळा ढीग पडेल तो पराग, आणि झाडाचा सगळा खर्च त्याच्यावर झालेला असतो. बर्चच्या एका लोंबीत सुमारे 50 लाख परागकण असतात. अशा लोंब्या किती आणि झाडं किती, याचा हिशेब केला की वसंतात बर्चच्या परागानं हैराण होणाऱ्या माणसांची दया येते.

रंग, गंध आणि मध ही किड्यांना दिलेली मजुरी आहे. वाऱ्याला मजुरी लागत नाही, पण त्याला पत्ताही कळत नाही. त्यामुळे वाऱ्याच्या भरवशावर राहणाऱ्या झाडाला पाकळ्यांवरचा खर्च वाचतो आणि तो परागावर करावा लागतो. हा पराग कोरडा, सुटा आणि गुळगुळीत असतो, बहुधा 20 ते 40 मायक्रोमीटरचा. किड्यांवर अवलंबून असलेल्या फुलांचा पराग पुष्कळदा चिकट, तेलकट, काटेरी असतो. तो हवेत सुटायला गेला तर गोळा होऊन तिथेच पडेल. दांड्याचा लवचीकपणाही कामाचा आहे. झुळूक आली की लोंबी झुलते आणि पराग झटकला जातो. वारा पडलेला असताना हवा दमट असेल तर परागकोश उघडतही नाहीत. सकाळी दव असताना हेझलखाली उभे राहिलात तर काही उडत नाही. ऊन चढून हवा कोरडी झाली की तेच झाड धुमसल्यासारखं दिसतं.

पानं यायच्या आधी फुलण्याचं कारणही वाराच. पानं आली की निम्मा पराग पानांवरच अडकणार. हेझल, आल्डर, बर्च, पॉप्लर हे सगळे उघड्या फांद्यांवर हा उद्योग उरकून घेतात. ओक थोडा उशिरा, कोवळी पानं उलगडत असताना. पण एवढ्या लवकर फुलायचं तर तयारी आधीपासून हवी. हेझलच्या नर लोंब्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, थंडीभर आखूड, कडक, हिरवट अशा टांगलेल्या राहतात, आणि हवा जरा नरमली की काही दिवसांत ताणून लांब होतात. थंडीत छाटणी करणारे नवखे लोक या कडक कांड्यांना वाळकी फळं समजून उतरवतात. नर आणि मादी, दोन्ही फुलं मागच्या वर्षीच्या फांद्यांवर येत असल्यामुळे सरसकट शेंडेछाटणी केली की त्या वर्षीचं पीक गेलंच. हेझलची छाटणी मी लोंब्या फुललेल्या असतानाच करतो. फांद्या ओढताना परागही आपोआप पसरतो.

मादीफूल तुम्ही बहुधा पाहिलेलंच नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. ते कळीतच बसलेलं असतं. साध्या पानकळीसारखीच कळी, फक्त टोकाला किरमिजी धाग्यांचा दोन-चार मिलिमीटरचा झुबका. भिंग घेऊन फांदी डोळ्यांसमोर धरा. एकदा दिसला की मग प्रत्येक फांदीवर दिसू लागतो. तो झुबका म्हणजे अनेक फुलांची टोकं. प्रत्येक फुलाला दोन धागे. पुढे त्या एका कळीतूनच दाण्यांचा घोस येतो.

इथली गंमत मला इतक्या वर्षांनीही जुनी झालेली नाही. थंडी संपता संपता पराग त्या धाग्यावर पडतो, त्याची नळी काही दिवसांत खाली उतरते आणि थांबते. थांबते, कारण खाली अजून काही नसतंच! ज्यात दाणा घडायचा तो किंजपुटच तयार झालेला नसतो. परागाची चाहूल लागल्यावर तो वाढायला लागतो आणि प्रत्यक्ष फलन होतं ते चार-पाच महिन्यांनी. म्हणजे लोंब्या गळून, पानं येऊन, सगळे ते विसरून गेल्यावर. मधल्या काळात काही बिघडलं तर कवच वाढतं आणि आत गर नसतो. पोकळ दाणे निघाले तर परागाला दोष देऊ नका. पराग पोचला होता म्हणूनच कवच झालं. तुमच्याकडे कवचही नाही, यावरूनच चालणारा पराग मुळात पोचलाच नाही हे मी ठरवलं.

मक्याचं पीक पाहिलं असेल तर ही व्यवस्था तुम्हाला परकी नाही. शेंड्यावरचा तुरा नर, काखेतलं कणीस मादी, आणि कणसाचे रेशमी केस म्हणजे परागाची वाट पाहणारी टोकं. हेझल, बर्च, आल्डर, ओक, अक्रोड यांचं असंच: एकाच झाडावर दोन्ही, पण वेगळ्या जागी.

जागा वेगळी केली तरी घरचा पराग घरातच पडण्याचा धोका उरतो. हेझल त्यावर ओळखीचं कुलूप लावतं. अक्रोड वेळापत्रक लावतं. अक्रोडाच्या काही झाडांत नर लोंब्या आधी झडतात आणि मादीफुलं मागून उघडतात, काहींत बरोबर उलटं. एका जातीत अशी दोन प्रकारची झाडं असतात आणि ती एकमेकांची गरज भागवतात. पिकान या अक्रोडाच्या भाऊबंदातही तेच आहे. बागाईतदार तिथे दोन प्रकार जाणूनबुजून मिसळून लावतात. पण अतिपरागानंही घोटाळा होतो बरं का. अक्रोडाच्या काही वाणांत मादीफुलावर फार पराग पडला तर ते फूलच गळून जातं, आणि अशा बागांत पराग देणारी झाडं कमी करावी लागतात. ‘जितका पराग तितकं पीक’ हे वाक्य ऐकलं की मी म्हणूनच गप्प बसतो.

आता विलो. तिथे कारभार निराळा आहे. नरफुलं एका झाडावर, मादीफुलं दुसऱ्या. झाडच नर किंवा मादी. लोंबी आहे, पाकळ्या नाहीत, पण खवल्याच्या बुडाशी मधाची बारीक ग्रंथी आहे. म्हणून ती ताठ उभी राहते, पिवळेधमक परागकोश मिरवते आणि मधमाश्यांना बोलावते. नर झाडावर त्यांना पराग आणि मध दोन्ही मिळतात, मादी झाडावर नुसता मध. त्या ओढीनं त्या दोन्हीकडे फिरतात आणि काम होतं. थोडा पराग वाराही नेतो. विलोचा सख्खा भाऊ पॉप्लर मात्र पूर्ण वाऱ्याचा: मध नाही, लोंबी खाली लटकलेली. घराणं एकच, पण एकानं किडे धरले, दुसऱ्यानं वारा. चेस्टनटची तऱ्हा याहून वेगळी. त्याची लांब पांढुरकी लोंबी पानं आल्यावर फुलते, उग्र वास सोडते आणि तिच्यावर माश्या, भुंगे गर्दी करतात. ओकच्या घराण्यातलं झाड असूनही.

त्यामुळे लोंबी दिसली की ‘वाऱ्याचं झाड’ असा शिक्का मारू नका. लोंबी दिसली की ‘एकाच गोत्रातली झाडं’ असंही म्हणू नका. ही चूक फार मोठ्या माणसांनी केलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अडॉल्फ एंग्लर यांच्या वर्गीकरणात लोंबीवाली झाडं द्विदल वनस्पतींच्या सुरुवातीला होती. फूल इतकं साधं, तेव्हा ते आद्य असणार, असा तर्क. पुढे लाकडाची रचना, पराग आणि शेवटी डीएनए तपासल्यावर दिसलं की हा साधेपणा मुळातला नाही, खर्च कमी करत करत आलेला आहे, आणि तोही अनेक घराण्यांत स्वतंत्रपणे. हेझल, बर्च, ओक, अक्रोड हे खरोखर एका गटातले. विलो आणि पॉप्लर मात्र एरंड, कृष्णकमळ यांच्या बाजूचे. आणि लोंबीवाली तुती? ती वड, उंबर, फणस यांच्या कुळातली.

तुतीवर जरा रेंगाळतो, कारण झाडांना नर-मादी असतात हे सिद्ध होण्यात तिचा हात आहे. जर्मनीतल्या ट्यूबिंगन इथले वनस्पतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ याकोब कामेरारियस यांनी 1691 मध्ये पाहिलं की जवळपास नर झाड नसताना मादी तुतीला फळं धरली, पण आतल्या बिया पोकळ निघाल्या. या निरीक्षणावरून त्यांनी इतर वनस्पतींवर प्रयोग केले आणि 1694 मध्ये वनस्पतींच्या लिंगाविषयीचं आपलं प्रसिद्ध पत्र लिहिलं. पराग म्हणजे फुलाचा केरकचरा नव्हे, त्याशिवाय सकस बी होत नाही, हे प्रयोगानं दाखवणारं ते पहिलं महत्त्वाचं लेखन.

आणि तुती वाऱ्याची वाटही बघत बसत नाही. पांढऱ्या तुतीच्या नरफुलात पुंकेसर आत दुमडून ताणलेले असतात. हवा कोरडी झाली की ते सुटतात, गोफणीसारखे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ही हालचाल सुमारे 25 मायक्रोसेकंदांत पुरी होताना दिसली आणि परागाचा वेग ताशी 560 किलोमीटरच्या वर गेला, म्हणजे ध्वनीच्या निम्म्याहून जास्त. मादी लोंबीचं तर सगळं मिळून एक फळ होतं. तुतीचा प्रत्येक रसाळ मणी हे एक वेगळं फूल होतं, आणि आपण खातो तो रसाळ भाग त्या फुलाची फुगलेली दलं असतात.

तिचा नातलग उंबर यापुढे गेला. मोजा उलटा करावा तसा फुलोरा आत वळवला, तोंडाशी बारीक भोक ठेवलं, आणि शेकडो फुलं अंधारात कोंडली. ‘उंबराचं फूल’ दुर्मिळ म्हणतात ते त्यामुळेच. फोडल्याशिवाय दिसत नाही. त्या भोकातून शिरणारा इवलासा गांधीलमाशीचा भाईबंद पराग आणतो, आणि उंबर-अंजिराच्या जातींपैकी बहुतेकींचा किडा स्वतःचा, वेगळा.

वाऱ्यावरच्या झाडांचं आणखी एक वैशिष्ट्य लोक सहसा बघत नाहीत. त्यांच्या एका मादीफुलातून बहुधा एकच बी पिकतं. वाऱ्याचा कण सुटा येतो; मधमाशी आणते तसं एका खेपेला शेकड्यांनी काही येत नाही. ओकच्या फुलात बीजकं (ज्यांची पुढे बी होते ती) सहा असतात, पण पिकतं साधारण एक. पांढऱ्या ओकांच्या गटात फळ त्याच वर्षी तयार होतं, तांबड्या ओकांच्या गटात दुसऱ्या वर्षी. वारा हा धंदा समशीतोष्ण जंगलात जमतो, कारण तिथे एका जातीची झाडं दाटीनं असतात आणि काही काळ पानं नसतात. सदाहरित वर्षावनात एका जातीचं पुढचं झाड शेकडो मीटर दूर, मध्ये पानांची भिंत आणि वर रोजचा पाऊस. तिथे किडे, पक्षी, वटवाघळं हेच बरे.

आल्डरच्या मादी लोंब्या लाकडासारख्या कडक होऊन वर्षभर फांदीवर राहतात आणि पाइनच्या शंकूसारख्या दिसतात. सारखेपणा निव्वळ वरवरचा. पाइनला फूलच नसतं. बीजक उघड्या खवल्यावर असतं, परागाला दोन हवेच्या पिशव्या असतात, आणि पराग पोचल्यावर फलन व्हायला साधारण वर्ष जातं. जिंकोच्या नर झाडाला तर हुबेहूब लोंबीसारखं काहीतरी लटकतं, पण तेही फूल नव्हे. 1896 मध्ये जपानी संशोधक हिरासे साकुगोरो यांनी जिंकोमध्ये पोहणारे शुक्राणू पाहिले, शेवाळात किंवा नेच्यात असतात तसे. एवढ्या उंच झाडाच्या बीजकातला तो थेंबभर ओलावा म्हणजे जुन्या पाण्याची आठवणच.

नर-मादी वेगळ्या झाडांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. पॉप्लर आणि बरेच विलो फांदी रोवून वाढवतात, म्हणून एका झाडाचे हजारो तुकडे होतात आणि सगळ्यांचं लिंग एकच राहतं. उंच निमुळता लोंबार्डी पॉप्लर जवळजवळ सगळीकडे नर आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात ‘पांडो’ नावाचं अ‍ॅस्पेन आहे: 43 हेक्टरवर सुमारे 47,000 खोडं, मुळं एक, आणि ते सगळं मिळून एक नर. मादी पॉप्लरचा कापूस नको म्हणून लोक नर लावतात आणि मग परागाची तक्रार करतात! मात्र नर-मादीची ही रेघ दगडावरची नाही. स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगल गावच्या प्राचीन यू वृक्षाची नोंद नर अशी होती. 2015 मध्ये त्याच्या एका फांदीवर लाल फळं दिसली. बाकीचं झाड नरच होतं.

आता तुम्ही काय करायचं. कायमचा उपाय म्हणजे जुळणारा दुसरा वाण, वाऱ्याच्या येत्या बाजूला लावलेला. तो फुलेपर्यंत तात्पुरता उपाय: दुसऱ्या कुठल्या हेझलच्या लोंब्या नुकत्याच सुटू लागलेल्या फांद्या आणा, पाण्याच्या बादलीत ठेवा आणि बादली तुमच्या झाडांच्या मधोमध टांगा. किंवा पराग गोळा करा. त्यासाठी लोंब्या रात्रभर कोरड्या खोलीत कागदावर पसरायच्या, सकाळी चाळून घ्यायचं आणि मऊ कुंचल्यानं किरमिजी झुबक्यांवर लावायचं. घाईत मी एकदा प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून लोंब्या नेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पिशवीत बुरशीचा लगदा आणि वर्षाचं काम बुडालेलं. कागदी पिशवीच वापरा. मादी झुबका अनेक आठवडे ताजा राहतो, त्यामुळे एक कोरडा दिवस चुकला तरी दुसरा मिळतो.

आणि पेटी. हेझलवर मधमाशी येते, हे तुम्हीही पाहाल. थंडीच्या शेवटी पराग दुसरीकडे मिळत नाही, म्हणून ती लोंब्यांवरून गोळे भरून नेते. पण त्या लाल झुबक्यात तिच्यासाठी काहीच नाही, ना पराग ना मध. म्हणून ती तिकडे ढुंकूनही बघत नाही. पेटी विलोखाली ठेवा, तिथे ती खूश राहील.